अठ्ठ्याण्णव टक्के सुरक्षित

सकाळी अकरा वाजता लिफ्ट तपासणी कार्यालयातलं काम ठप्प झालं होतं, कारण अख्खं कार्यालय एका स्क्रीनभोवती उभं होतं. मागच्यांना दिसत नव्हतं म्हणून दोघे खुर्च्यांवर चढले होते. चहावाला किटली घेऊन आला तो तिथेच खिळला.

स्क्रीनवर एक झाड होतं. त्याच्या बत्तीस फांद्यांवर बत्तीस प्रश्न: दोर झिजलाय का, दार नीट लागतं का, ब्रेक धरतो का. सगळ्यांची उत्तरं भरली की, किंवा मधेच एखादं धोक्याचं निघालं की, शेंड्याला निकाल यायचा, लिफ्ट चालवा किंवा बंद करा. ही प्रणाली सहा वर्षं इथे होती आणि तिचं कोणाला काडीचं कौतुक नव्हतं. आज मात्र तिची नवी आवृत्ती आली होती, आणि सोबत तिचा पुजारीही.

पुजारी सुटात होता, कंपनीने पाठवलेला. "जुनी आवृत्ती विचारायची, नवी जाणते," तो हात पसरून म्हणाला. "पहिलं नवं वैशिष्ट्य, अंतःस्फूर्ती. बत्तीस प्रश्नांच्या जागी फक्त तीन. दुसरं, खात्रीचा टक्का. आता मनात शंका उरणारच नाही. बाजारपेठेतली सोळा नंबरची लिफ्ट घेऊ."

त्याने तीन उत्तरं भरली. झाड सरसर हिरवं होत गेलं आणि एकच फांदी लाल झाली. दोर झिजलेला.

"अहो, बरोबर," हेडक्लार्क पुटपुटला. "दोरासाठीच बंद केली होती ती." त्याचे हात नकळत जुळले. मागून कोणीतरी विचारलं, मुलीला कुठल्या शाखेला घालावं हे सांगेल का? "पुढच्या आवृत्तीत," सूटवाला पापणीही न लववता म्हणाला.

हात जोडले नव्हते ते एकटीने. ती वरिष्ठ तपासनीस होती, बावीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यांत उतरलेली, आणि कार्यालयात तिला सगळे शंकासुर म्हणत. या झाडाच्या निम्म्या फांद्या तिनेच सांगितलेल्या. दोन वर्षं ती संगणकवाल्यांशेजारी बसून, कुठल्या आवाजाचा काय अर्थ हे त्यांना समजावत होती. त्यामुळे तिचं भांडण यंत्राशी नव्हतं. फुकटच्या शहाणपणाचा मात्र तिला मनस्वी राग होता.

"आता रुग्णालयाची बघा," साहेब म्हणाले.

ती लिफ्ट शंकासुराने आठ दिवसांपूर्वी बंद केली होती. रिकामी असली की नीट थांबे, पण माणसं भरली की थांबल्यावरही वीतभर खाली घसरे. तेव्हापासून रुग्णालयाचे फोन घेऊन घेऊन साहेबांचे कान किटले होते. यंत्राने तीन प्रश्न विचारले: लिफ्ट कधी बसवली, मजले किती, लेखी तक्रारी किती. झाड पानापानाने हिरवं झालं. सुरक्षित, अठ्ठ्याण्णव टक्के.

साहेबांचा चेहरा खुलला. "बाई, चारपर्यंत सही करा. नाहीतर दुसऱ्याची घेतो, आणि तुमचं टेबल उद्यापासून तळघरात, फायलींच्या सोबतीला."

ती जागेवर येऊन बसते तोच फोन वाजला. धाकटी नणंद होती. ती त्याच रुग्णालयात परिचारिका.

"वहिनी, लिफ्ट सुरू होतेय म्हणे आज. सुटलो बाई. स्ट्रेचर जिन्याने चढवून कंबरडं मोडलं. चारला पहिली पेशंट मीच घेऊन जाणार आहे, दिवस भरलेत तिचे."

"माझा फोन आल्याशिवाय आत पाय ठेवू नकोस," शंकासुर म्हणाली. पण नणंदेला तोवर कोणीतरी हाक मारली होती आणि फोन बंद झाला होता. तिने लावून पाहिला, उचलला गेला नाही.

नव्या आवृत्तीच्या खोक्यात एक माहितीपुस्तिका होती, प्लास्टिकसुद्धा न काढलेली. शंकासुराने ती जेवता जेवता वाचली. चमत्कार बहुधा बारीक अक्षरांत छापलेला असतो, पण भाविकांना वाचायची सवय नसते. एकोणचाळिसाव्या पानावर तिचा घास हातातच राहिला.

साडेतीनला ती स्क्रीनपाशी गेली. "साहेब, सही करते. आधी एक लिफ्ट तपासून द्या म्हणजे माझी शंका फिटेल."

"विश्वासाने विचारा," सूटवाला खुशीत म्हणाला.

तिने पत्ता टाकला. गेल्या वर्षी बसवली, मजले दोन, तक्रार नाही. झाड हिरवंगार झालं. सुरक्षित, अठ्ठ्याण्णव टक्के.

चहावाल्याने पत्ता वाचला. "पण हा तर इथलाच पत्ता आहे. इथे लिफ्ट कुठेय? वर पत्रे आहेत."

"तेच तर," सूटवाला क्षणात सावरला. "नसलेल्या लिफ्टमध्ये अपघात कसा होईल? यंत्राने अचूक ओळखलं."

आणि दोन-तीन माना खरंच डोलल्या. भक्ताची मान एकदा डोलायला लागली की तिला ब्रेक नसतो.

"आता हे बटण बघा," शंकासुर म्हणाली. "उत्तर कोणी दिलं, ते दाखवतं." तिने रुग्णालयाची लिफ्ट उघडून बटण दाबलं. तीन फांद्यांवर शब्द उमटला, माणूस. उरलेल्या एकोणतीस फांद्यांवर, गृहीत. ब्रेकच्या फांदीवरही गृहीत. "यांची अंतःस्फूर्ती ही. पुस्तकात तिला म्हटलंय, रिकाम्या प्रश्नाला अनुकूल उत्तर धरणे. म्हणजे विचारायचंच नाही आणि ठीक म्हणायचं."

"मग सोळा नंबरचा दोर कसा सापडला?" सूटवाल्याचा आवाज चढला.

ती हेडक्लार्ककडे वळली. "काल यांनी तुमच्याकडून काय नेलं?"

"नमुन्याला म्हणून जुने अहवाल मागितले होते," हेडक्लार्क बुटांकडे बघत म्हणाला. "पाच-सहा. सोळा नंबरचा होता त्यात."

"बुवा लोक आधी घरच्या गड्याला गाठतात, तसंच. ज्या लिफ्टचा अहवाल पोटात घातला तिचा आजार यंत्र ओळखतं, बाकीच्या सगळ्या ठणठणीत. आणि बऱ्याच लिफ्ट खरंच ठणठणीत असतात, म्हणून दहातल्या नऊ वेळा हे खरंही ठरेल. दहाव्या वेळी आत माझी नणंद असेल, साहेब, आणि एक गरोदर बाई."

सूटवाल्याने बॅगेची चेन लावायला घेतली. शंकासुराने नवं वैशिष्ट्य बंद केलं तशी हिरवळ ओसरली, झाड करडं पडलं आणि पूर्वीसारखं विचारू लागलं. भार ठेवून ब्रेक तपासला का? तिने लिहिलं, तपासला, वीतभर घसरते. बाकीचे प्रश्न भरायच्या आतच निकाल आला, बंद करा. टक्का कुठे दिसला नाही.

"यंत्र शहाणंच आहे," ती म्हणाली, "कारण ते विचारतं. आपल्याला प्रश्नांचा कंटाळा आला आणि यांनी तो कंटाळाच नवं वैशिष्ट्य म्हणून गळ्यात मारला. आता फोन तुम्ही करा. चारला दहा कमी आहेत."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच स्वतः नंबर फिरवला. तिकडे स्ट्रेचर लिफ्टच्या दाराशी आलेलं होतं. फोन हातोहात नणंदेकडे गेला आणि साहेबांनी इकडचा फोन शंकासुराकडे दिला.

"वहिनी, काय हे? इथे पाटी लावलीय, अठ्ठ्याण्णव टक्के सुरक्षित."

"टक्का कोणीही सांगेल. मोजलं कोणी, ते विचार त्या पाटीला."

तिकडे नणंद कोणाला तरी म्हणाली, "मागचं टोक धर रे. जिन्याने जाऊ."