इवालूचं घर

माझी आई पंचवीस वर्षांची आहे आणि मी ऐंशीच्या पुढची. हसू नका. माझी जन्मदाती इवालू मी लहान असतानाच गेली. पुढे माझ्या लेकीला मुलगी झाली तेव्हा तिला आम्ही तेच नाव ठेवलं. आमच्यात नाव दिलं की ते माणूस परत येतं. म्हणून मी नातीला ‘आई’ म्हणते, ती मला ‘पोरी’ म्हणते, आणि तिच्यावर आवाज चढवायची कुणाची टाप नाही. लाडावून डोक्यावर बसवलीय नुसती!

तर ही माझी आई आमच्या बर्फाळ उत्तरेतून दक्षिणेतल्या शहरात जाऊन शिकून आली आणि पूर्वजांची घरं खणायला लागली. आमच्या किनाऱ्यावर ती पुष्कळ आहेत. देवमाशाच्या बरगड्यांचा सांगाडा, भोवती दगड, वर गवताची ढेकळं. खणा की, माझं काय जातंय! पण या उन्हाळ्यात ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "पोरी, टोकावरचं घर उघडायचंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टोकावरचं घर म्हणजे आमचं घर. पूर्वजांच्या पडक्या घरातल्या देवमाशाच्या बरगड्यांवर माझ्या बापानं नवं छप्पर घातलं होतं. त्याच घरात आई, बाबा आणि तान्हा भाऊ उपासमारीनं मेले. नंतर माणसांनी त्यांना टेकडीवर दगडांखाली ठेवलं आणि छप्पर आत पाडून टाकलं. असल्या घरात आमच्यात कुणी पाऊल टाकत नाही. उघडायचंच तर घरच्या माणसाचा होकार लागतो, आणि त्या घरचं उरलेलं माणूस मी एकटी.

"नाही," मी म्हणाले.

"अगं, गोठलेली जमीन वितळून सुटत चाललीय. पुढच्या वादळात समुद्र नेईल ते."

"नेऊ दे मेलं! कुणाला हवंय?"

मला ते नकोच होतं. त्या वर्षी हिवाळ्यात काका कुत्र्यांनी ओढायची स्लेज घेऊन आला आणि आईनं मला उचलून त्याच्या स्लेजवर ठेवलं. मी रडले, हातपाय आपटले. ती म्हणाली, "घरात मांस भरपूर आहे, पण ते तुझ्या भावाला लागतं. तू काकाकडे खा." मांस होतं, फक्त माझ्या वाट्याचं नव्हतं. पुढे ते संपलं आणि ती मेली, तेव्हा मला रडूसुद्धा आलं नाही. अख्खा जन्म हाच राग पोटात घेऊन काढला मी.

इवालू चहाचा पेला घेऊन माझ्यासमोर बसली. "पोरी, घर कुणाचं?"

"माझ्या आईचं."

"म्हणजे माझं. मेलं कोण तिथं? मीच ना? मग माझ्या घरात जायला तुझी परवानगी मागत बसू?"

माझा चुलतभाऊ उक्पिक सुकवलेला मासा चावत बसला होता, त्याला हसता हसता ठसका लागला. "घे! आता दे उत्तर!"

दिला होकार, काय करणार! आईला नाही म्हणता येत नाही. कार्टीनं बरोबर कात्रीत पकडलं.

इवालूनं आणि तिच्याबरोबरच्या पोरांनी खणायला घेतलं आणि मी वर काठावर तोंड फुगवून बसले. आधी घराच्या कडेला त्यांनी तळापर्यंत एक चर खणला, आणि इवालू खालून ओरडून सांगत होती. सगळ्यात खालच्या थरात देवमाशाची हाडं, म्हणजे तेव्हा समुद्र मोकळा होता. वरच्या थरात नुसती सीलची, म्हणजे थंडी वाढली, बर्फानं समुद्र झाकला, देवमासे यायचे थांबले. "तरी माणसं टिकली बघ!" ती म्हणाली.

"हो, आणि आता दक्षिणेतल्यांच्या धुरानं त्या टिकलेल्या माणसांची घरंच वितळून समुद्रात चाललीत! ते लिही तुझ्या अभ्यासात!" मी म्हणाले.

मग पडलेलं छप्पर उचलून ती आत आमच्या थराला पोचली आणि एकेक हाड उलटंपालटं करून बघायला लागली.

"पोरी, इथं सीलचं एकही हाड नाही. त्या वर्षी समुद्रावर बर्फ नीट धरलाच नसणार. पातळ बर्फावर शिकारीला जाणार कसं?"

"मग काय आहे?"

"कुत्री. सगळी कापून खाल्लेली."

मी धडपडत खाली उतरले. आमच्या स्लेजच्या म्होरक्या कुत्र्याची कवटी तिच्या हातात होती, वरचा डावा सुळा अर्धा तुटलेला. तो माझ्यासमोर तुटला होता, अस्वलाशी झोंबताना. आई म्हणाली होती की कुत्री बाबांनी दुसऱ्या तळावर दिलीत. आणि काका यायच्या आधीच्या दिवसांत आम्ही पोटभर मांस खाल्लं होतं. मीसुद्धा. ते मांस म्हणजे आमची कुत्री, आणि तेच शेवटचं. त्यानंतरचं त्या घरात काही नव्हतं, फक्त उकळून चघळलेली कातडी.

"खोटारडे!" मी इवालूवर ओरडले. खणणारी सगळी पोरं जागच्या जागी थिजली. आईचं नाव ठेवलेल्या पोरीवर आमच्यात कुणी ओरडत नाही. "खोटं बोललीस माझ्याशी! काही नव्हतं घरात! मांस नाही, कुत्री नाहीत, आणि मला म्हणालीस भरपूर आहे! जन्मभर तुझा राग केला मी, जन्मभर! खरं सांगायला काय झालं होतं तुला?"

तिनं कवटी अलगद खाली ठेवली. तिचे डोळे भरले होते, पण ती नातीसारखी बोलली नाही.

"पोरी, खरं सांगितलं असतं तर बसली असतीस स्लेजवर?"

"नसते बसले!" मी ओरडले. "नसतेच बसले!"