नऊशे पंच्याऐंशी ग्रॅम

"सिस्टर, तुमचा काटा खोटा आहे," काटेसाहेब दारातूनच म्हणाले.

दाराच्या आत पाऊल टाकायची त्यांना परवानगी नव्हती. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांची ती खोली. आत फक्त आईबापांनी जायचं, बाकीच्यांनी काचेतून बघायचं. थोरल्या सिस्टर तिथं पंचवीस वर्षं काढून बसल्या होत्या. त्यांनी रडणारे आजोबा पाहिले होते, डॉक्टरांच्या अंगावर धावून जाणारेही पाहिले होते. काट्यावर संशय घेणारे आजोबा मात्र हे पहिलेच.

"कशावरून म्हणता, काका?"

"जन्मली तेव्हा अकराशे दहा होती. आज सहावा दिवस आणि नऊशे पंच्याऐंशी. दूध पोटात जातंय असं तुम्हीच सांगता. मग सव्वाशे ग्रॅम गेले कुठं?"

"पहिल्या आठवड्यात वजन उतरतंच. डॉक्टरांनी सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगितलं. पण आज किलोच्या खाली आकडा आला तेव्हा त्यांचा चेहराही मी पाहिला." त्यांनी काखेतली लाकडी पेटी पुढं केली. "वजनं घेऊन आलोय. दहा मिनिटांचं काम आहे."

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते दुकानादुकानांतून काटे आणि वजनं तपासणाऱ्या सरकारी खात्यात होते, म्हणून बाजारानं त्यांना हे नाव देऊन टाकलं होतं. एकतीस वर्षं ते हेच करत आले होते. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले, की काटा मारणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. एकदा एका घाबरलेल्या वाण्यानं त्यांच्या बायकोला साखर मूठभर जास्त घातली, तर यांनी ती मूठ परत नेऊन दिली. जास्त देणं हीसुद्धा चूकच, असं त्या वाण्याला समजावण्यात अर्धा तास घालवला. बायको म्हणायची, "यांना स्वर्गात नेलं ना, तर आधी तिथला तराजू उलटा करून बघतील."

आणि अशा माणसाच्या हातून सहा दिवसांपूर्वी सगळंच निसटलं. मुलीला सातव्या महिन्यात अचानक ऑपरेशन करून मोकळं करावं लागलं. ती वरच्या मजल्यावर तापानं फणफणलेली. जावई मालवाहू बोटीवर, पोचायला अजून आठ दिवस. नात काचेच्या पेटीत. काटेसाहेबांच्या हाती उरलं काय, तर रोज सकाळी सात वाजता कळणारा एक आकडा. तो ऐकायचा आणि बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला जाऊन सांगायचा. आज त्यांनी तो सांगितला नव्हता. आकडा ऐकून ते तडक ऑफिसात गेले आणि पेटी घेऊन आले.

सिस्टरनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग त्या आत गेल्या आणि काटा शेजारच्या धुण्याच्या खोलीत आणून ठेवला.

काटेसाहेबांनी हात धुतले. पेटी उघडली. मखमलीच्या खळग्यांत बसलेली पितळी वजनं चिमट्यानं उचलून एकेक ठेवली. बोटांचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो, म्हणून चिमटा. आधी शंभर, मग पाचशे, मग किलो. काटा डावीकडे सरकवून पाहिला, उजवीकडे सरकवून पाहिला. शेवटी नऊशे पंच्याऐंशी ग्रॅम मोजून ठेवले.

पडद्यावर आकडा आला, नऊशे पंच्याऐंशी.

त्यांनी वजनं काढली, पुन्हा ठेवली. तोच आकडा.

"काय, पास का?" सिस्टरनं हळूच विचारलं.

"पास," काटेसाहेब म्हणाले.

एकतीस वर्षांत त्यांनी हजारो काटे तपासले असतील. काटा खोटा निघावा असं मनापासून वाटलं, ते आजच. काटा खरा होता, म्हणजे पोरगी खरोखरच रोज थोडीथोडी कमी होत होती. त्यांना भीती वाटली. सरकारी माणसाला शोभणार नाही अशी, गर्दीत बोट सुटलेल्या पोराला वाटते तशी.

बाहेर बायको बाकावर डोळे मिटून बसली होती. सहा दिवस ती अशीच बसत होती आणि त्याचा त्यांना राग यायचा. आज ते शेजारी टेकले.

"डोळे मिटून काय होतं गं?"

"तुमच्या उघड्या डोळ्यांनी तरी काय झालं?" तिनं डोळे न उघडताच विचारलं.

ते म्हणाले, "मागतेस तरी काय देवाकडे?"

"पहिल्या दिवशी पुष्कळ मागितलं. आता नाही मागत. म्हणते, तुझी आहे, तू बघ."

"तुझी म्हणजे? आपली आहे ती!"

"आपल्या हातात असती तर आपण तिला अशी पेटीत ठेवली असती का?" तिनं आता डोळे उघडले. "आणि मला ते लगेच जमतं असं नका समजू. सकाळी त्याच्या हवाली करते, दुपारी परत काढून घेते. काळजी करत बसते. मग पुन्हा देते. दिवसभर हेच चाललेलं असतं माझं."

तेवढ्यात सिस्टरनं दारातून हाक मारली. "काका, आत या. शर्ट काढून छाती साबणानं स्वच्छ धुवा."

"मी? कशाला?"

"बाळाला अंगाची ऊब लागते. बाप बोटीवर, आई तापात. डॉक्टरांची परवानगी काढलीय तुमच्यासाठी."

"मला नाही हो जमायचं."

"त्यात जमायचं काय? नुसतं तर बसायचंय."

त्यांना खुर्चीत रेलून बसवलं. अंगावर मोकळा झगा दिला आणि नळ्या सांभाळत सिस्टरनं नात त्यांच्या उघड्या छातीवर ठेवली. तिचं डोकं त्यांच्या तळव्यात मावून वर जागा उरत होती. काटेसाहेबांनी श्वास रोखून धरला.

"तुम्ही श्वास घ्या की," सिस्टर दटावून म्हणाल्या. "तुम्ही नाही घेतलात तर ती कशी घेईल?"

दहा मिनिटं बरी गेली. मग मागचं यंत्र टिटी करू लागलं. छातीवरची ती इवलीशी हालचाल थांबली होती. त्यांचे दोन्ही हात बाळाखाली अडकलेले. उठता येईना. सिस्टर आल्या, बाळाच्या तळपायावर बोटानं टिचकी मारली. बाळ शहारलं. श्वास पुन्हा सुरू झाला.

"हे... हे काय झालं?"

"श्वास घ्यायचं विसरतात ही बाळं. दिवसातून पाच-सहा वेळा होतं."

"रोज? आणि मी इथं नसताना?"

"सहा दिवस तुम्ही कुठं होता इथं?" सिस्टर साधेपणानं म्हणाल्या आणि पलीकडच्या बाळाकडे गेल्या.

काटेसाहेब त्या वाक्यापाशीच थांबले. खरंच की. सहा दिवस ती विसरत होती आणि तिला कुणीतरी आठवण करून देत होतं. सिस्टर देत होत्या हे दिसत होतं. पण सिस्टर टिचकी मारत. त्यापुढचा श्वास काही सिस्टरच्या हातचा नव्हता. आणि या सगळ्यात काटेसाहेबांची एकदाही गरज पडली नव्हती. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. उलट, खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं.

देवाशी कसं बोलायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून वरिष्ठांशी बोलत, तसंच ते मनातल्या मनात बोलले. साहेब, माझी तपासणी झाली. काटा बरोबर आहे. माझ्याकडून होण्यासारखं एवढंच होतं. आता आपण बघावं.

मग तासभर ते यंत्राकडे न बघता बसून राहिले. मध्ये एकदा पुन्हा टिटी झाली. या वेळी त्यांनी स्वतःचा श्वास चालू ठेवला. टिचकी मारायला सिस्टर उठेपर्यंत पोरीनं आपणहून श्वास घेतला होता.

"द्या आता," तासानं सिस्टर म्हणाल्या.

त्यांची बोटं क्षणभर सुटेनात. मग त्यांनी दोन्ही हात उघडले आणि नात सिस्टरच्या स्वाधीन केली. झाकण बंद होईपर्यंत ते उभे राहिले, मग पाठ फिरवून बाहेर आले. वजनांची पेटी धुण्याच्या खोलीतच राहिली, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

बायको अजून बाकावरच होती. "अहो, आज किती भरली ते सांगितलंच नाहीत तुम्ही."

"गरम आहे गं," ते म्हणाले. "छातीशी धरली की चांगली गरम लागते."

आणि शर्टाची बटणं लावायची तशीच ठेवून ते तिच्याशेजारी बसले.