रांगेचं शेपूट

"मॅडम, त्या गार्डाले आत्ताच उभा करा ना मांगं. सहा वाजूनच राह्यले," पुंडलिकरावांनी शाळेच्या दारातून आवाज दिला.

मतदान केंद्राध्यक्ष रत्नप्रभा मॅडमनी घड्याळ पाहिलं. "वाजले की करते. तुम्ही आधी फाटकाबाहेर व्हा."

पुंडलिकराव हसत बाहेर गेले. दारापाशी काठी घेऊन उभा असलेला घनश्याम हसला नाही. एरवी तो नेरच्या बसस्टँडमागे सायकली दुरुस्त करायचा. निवडणूक आली की होमगार्डची खाकी चढवायचा. फाटकावरच्या केंद्रीय दलाच्या जवानाकडे बंदूक होती, घनश्यामकडे काठी आणि शिट्टी. पण परेडमध्ये आपल्यासारखं पाऊल तालुक्यात कोणाचं पडत नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

वेळ संपली की रांगेचं शेपूट होणं, हे त्याचं दिवसातलं शेवटचं काम. गार्ड टोकाला जाऊन उभा राहिला की त्याच्या पुढच्या प्रत्येकाला चिठ्ठी मिळते. मग कितीही उशीर होवो, त्यांचं मत पडतं. मागून येणाऱ्याचं नाही.

राळेगावकडच्या या गावात त्याची थोरली बहीण सत्यभामा दिली होती. हे त्यानं इथं कोणाला सांगितलं नव्हतं. सकाळी कमरेला कापूस वेचणीचा फडका बांधून ती फाटकाशी थांबली होती.

"अगा माय, हवालदारच दिसून राह्यला!"

"मत टाकूनच जा ना, ताई."

"मालक सोडते तवा ना! दुपारून येतो मी. मांगच्या खेपेले आलो तं म्हणे, तुहं मत पडलं. कोनं टाकलं बाप्पा? यंदा मीच टाकतो."

मालक म्हणजे पुंडलिकराव. दुपार टळली तरी त्यांच्या वावरातली एकही बाई आली नाही. घनश्याम दारातून वावराकडून येणाऱ्या पांदणीकडे पाहत राहिला.

"कायची वाट पाह्यतं?" रांग कमी व्हायची वाट पाहत पायरीवर टेकलेला म्हातारा गोविंदा म्हणाला. "कापूस मोजल्याबिगर बायायले सुटी नाही, अन् काटा तं मालकाच्या घरी कुलपात हाय."

"कायले?"

"भाव पडला म्हनून मोजाची लाज वाटत असन," गोविंदा म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर खोकत हसला.

"सहा वाजले," आतून मॅडम म्हणाल्या. "घनश्याम, मागे उभे राहा."

हुकूम कानावर पडला आणि टाचा आपोआप जुळल्या. काठी काखेत दाबून, छाती काढून तो दौडत निघाला. रांगेचं टोक फाटकाजवळच्या लिंबापाशी होतं. गोविंदाच्या पाठीमागे येऊन त्यानं पाय आपटला आणि सावधान उभा राहिला. तेवढ्यात मागून पळत्या चपलांचा आवाज आला.

"घनश्या!"

सत्यभामा होती. मागे सगळ्या वेचणाऱ्या बाया, केसांत कापसाचं कस्पट, छाती भात्यासारखी चाललेली.

"आमच्या मांगं सरक ना जरा. दोन पावलं तं हायेत."

"ताई, नाही जमत."

"आमी गठुडे तसेच टाकून आलो रे वावरात. काटा नाही केला का काही नाही."

मॅडम चिठ्ठ्या घेऊन टोकापर्यंत आल्या. बायांकडे पाहून त्यांचा हात थांबला. "तुम्ही इथे उभे राहिलात तेव्हा ह्या कुठे होत्या?"

फाटकाबाहेर पुंडलिकराव पान चघळायचे थांबले. घनश्यामनं मान वळवली नाही. एक शब्द पुरे होता, आणि तो शब्द कोणी तपासलाही नसता.

"मांगं होत्या, मॅडम."

मॅडमनी पहिली चिठ्ठी गोविंदाच्या हातावर ठेवली आणि त्या पुढे सरकल्या.

मागून सत्यभामा हळूच म्हणाली, "एवढा पयत कायले आला रे?"

हळू चाल, असं त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

रांग पुढे सरकली तसा तोही सरकला. मागच्या चपलाही सरकल्या. लिंबापासून हौदापर्यंत, हौदापासून पायरीपर्यंत. गोविंदा बोटाची शाई फुंकत बाहेर आला आणि मॅडमनी दार लावून घेतलं.

घनश्याम मागे वळला. बाया गेल्या नव्हत्या. पायरीपासून थेट फाटकापर्यंत एकीमागे एक उभ्या होत्या, सत्यभामा सगळ्यांत पुढे. परेडच्या मैदानावरही इतकी सरळ रांग त्यानं कधी पाहिली नव्हती.