एकेचाळीस नंबरचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. मित्रांनो, घाईनं एखादं घर डोळ्यांपुढं आणू नका. मला बिजागरी नाही, कडी नाही, माझ्यावर कुणी कधी तोरण बांधलं नाही. मी नदीचा दरवाजा आहे.

वैजापूर तालुक्यात दहीवडगाव नावाचं गाव आहे. तिथल्या नदीवर सरकारनं आठ गाळ्यांचा बंधारा बांधून दिला. दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात. पावसाळ्यात गाळे उघडे ठेवायचे, म्हणजे पूर निघून जातो. पाऊस ओसरला की प्रत्येक गाळ्यात लोखंडी दरवाजे एकावर एक उतरवायचे, पुढं-मागं दोन ओळींत, आणि दोन ओळींच्या मधे काळी माती तुडवून भरायची. नदी थांबते. वैशाखात दरवाजे काढून कोठीत ठेवायचे. एवढंच काम. एवढं सोपं आहे, म्हणूनच ते पुढं कुणी करेनासं झालं.

माझा जन्म सत्त्याऐंशी साली औरंगाबादला झाला. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. चिकलठाण्याच्या एका शेडमध्ये इलियास नावाच्या वेल्डरनं मला जोडलं, कडेनं काळं रबर बसवलं आणि पांढऱ्या रंगानं छातीवर आकडा घातला, ४१. आम्ही एकूण ऐंशी भावंडं. न्यायला ट्रॅक्टर घेऊन गावचा कडूबा आला होता.

इलियास त्याला म्हणाला, "देखो मियाँ, लोहा पानी नै रोकता. रबर रोकता. रबर निकालके बच्चों को गुलेल बनाके नक्को देना."

"आमच्या गावची पोरं तसली नायत, इलियासभाई," कडूबा छाती काढून म्हणाला.

दोन वर्षांत माझ्या रबराच्या गलोलीनं गावातल्या निम्म्या कैऱ्या खाली आल्या. पण ते पुढचं.

माझी जागा पाचव्या गाळ्यात, सगळ्यात वरच्या थरात. पुढच्या ओळीत मी, मागच्या ओळीत बेचाळीस नंबर, आणि आमच्या दोघांत हातभर माती. तळचे दरवाजे आम्हाला हसायचे. सगळा भार त्यांच्यावर, आम्ही नुसते उन्हात. पण एक गोष्ट नीट ऐका, शाळेत कुणी सांगणार नाही. बंधाऱ्यातलं पाणी सगळ्यात ठेंगण्या गाळ्याएवढंच उभं राहतं. सात गाळे डोक्यापर्यंत भरा आणि आठव्यात एकच दरवाजा कमी ठेवा, सगळी नदी त्या एका खिंडारातून चालती होते.

बंधाऱ्याला लागून नानासाहेबांचं शेत. निम्मा बंधारा भरला तरी त्यांची विहीर तुडुंब. आणि वर, नदीच्या वळणावर, भागूबाईचे पावणेदोन एकर. तिथं पाणी पोचायचं तर शेवटचा थर बसायलाच पाहिजे. म्हणजे नानासाहेबांना तळचे दरवाजे पुरत होते. भागूबाईला मी लागत होतो.

पहिल्या वर्षी ती नवी नवरी होती. माती तुडवताना माझा कोपरा तिच्या टाचेत घुसला. "मेल्या एकेचाळीस!" म्हणून तिनं मला शिवी घातली. तिची शाळा दुसरीत सुटलेली, पण तो आकडा ती विसरली नाही. दरवर्षी माती तुडवायला उतरली की आधी मला लाथ मारायची, मग पाय धुवायची. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ओळख होती ती.

ती वर्षं बरी गेली. होळीपर्यंत पाणी टिकायचं. खुलताबादकडची माणसं बंधारा बघायला आली. एका साहेबानं खांबाला हार घातला, भाषण केलं, जिलेबी खाल्ली आणि गेला. दरवाजांना कुणी हार घातला नाही. दरवाजे मोजायचे असतात, त्यांचा सत्कार नसतो.

मग सरकारनं बंधारा गावाच्या पाणी समितीच्या हवाली केला. अध्यक्ष नानासाहेब. कोठीची किल्ली त्यांच्या जानव्याला नव्हती, पण त्यांच्या कमरेला होती, आणि ती कमर कुणापुढं वाकत नसे. दोन वर्षं ओळीनं दुष्काळ पडला. नदीच नाही तर दरवाजे कशाला, म्हणून आम्ही कोठीतच राहिलो. तिसऱ्या वर्षी पाऊस आला, पण मी कोठीत नव्हतो. नानासाहेबांच्या फाटकापुढच्या गटारीवर मला पालथं टाकलं होतं. आकडा खाली, पाठ वर. त्यांचा ट्रॅक्टर माझ्यावरून जाई. दहा वर्षं गेला.

एक गेला की वाट पडते. "एकानं काय होतंय" म्हणत माणसं कोठीत शिरली आणि आणखी सहा दरवाजे गेले. कुणाचा कुठं गेला ते गटारीवर पडल्या पडल्या मला कळायचं नाही. उरलेले त्र्याहत्तर दरवाजे दरवर्षी बसायचे. नानासाहेबांची विहीर भरायची. वळणावर भागूबाई कोरड्या वाळूकडं बघत उभी राहायची.

त्यातच सरकारनं तिला तुषार संच दिला. मोटार, पाइप, गरगर फिरणारे फवारे. पाणी वाचवा, पिकं वाढवा. संच आला, कागदावर अंगठा झाला, फोटो निघाला. पाणी मात्र संचाबरोबर आलं नाही. पाइपांवर तिनं लुगडी वाळत घातली, पुढं दोडक्याचा वेल चढवला. तिचा मुलगा वाळूजला कंपनीत. तो फोनवर एकच म्हणायचा, "आई, शेत नानाला बटईनं दे अन् इकडं ये." नानासाहेबही तेच म्हणायचे, फक्त जास्त गोड आवाजात. या हिवाळ्यात रान कोरडं राहिलं तर जायचं, असं तिनं कबूल केलं होतं.

त्या दहाव्या वर्षी भादव्यात एक तरुण साहेब आला. मोटारसायकल त्यानं माझ्यावरच उभी केली.

"तुमचा बंधारा यादीत आलाय," तो म्हणाला. "नवं रबर, खांबांची डागडुजी, सगळं सरकार करून देईल. पण सोमवारी ऐंशी दरवाजे बंधाऱ्यावर मोजून दाखवा. नाहीतर मला 'निकामी' लिहावं लागेल आणि ही मदत दुसऱ्या गावाला जाईल."

"त्र्याहत्तर हायेत, साहेब," नानासाहेब म्हणाले. "सात पुरात वाहून गेले."

हे ते माझ्यावर उभं राहून म्हणाले. लोखंडाला लाज नसते, नाहीतर मी तिथंच मोडलो असतो.

भागूबाई गर्दीत होती. तिनं खाली बघितलं. तिच्या टाचेत घुसलेला माझा कोपरा बाहेर डोकावत होता. ती निघून गेली आणि तीन दिवस कुणाशी बोलली नाही. ती का गप्प आहे ते मला तेव्हा कळलं नाही.

रविवारी सकाळी ती पहार घेऊन आली. बरोबर कडूबा, आता दात पडलेला.

"नाना, बाजूला हो."

"काय करती मावशी? माझी गटार उघडी पाडती का?"

"व्हय. तेच करते."

तिनं पहार घातली, कडूबानं जोर लावला, आणि दहा वर्षांनी मी उताणा झालो. तिनं पायानं चिखल पुसला. ४१. दहा-बारा माणसं जमली होती.

"पूर लई शहाणा, नाना," ती म्हणाली. "कुठं कुठं हिंडला अन् बरोबर तुझ्या फाटकापुढं येऊन थांबला."

कडूबा बोळक्या तोंडानं हसला. मग सगळेच हसले.

"अन् माझा ट्रॅक्टर कसा जायचा?"

"गटारीवर फरशी टाक. नदीला फरशी चालत नाय."

दिवस मावळायच्या आत पाच दरवाजे कोठीशी आले. एक शेळ्यांच्या कुडाचा, एक चुलीमागचा, एकावर तर अजून पापड वाळत होते. आणणारा प्रत्येक जण म्हणाला, वाटेत सापडला. दहीवडगावच्या वाटेवर त्या दिवशी फार लोखंड सापडलं.

सोमवारी बंधाऱ्यावर आम्हाला आकड्यांप्रमाणे ओळीनं मांडलं. साहेबानं मोजलं. दोनदा मोजलं.

"एकोणऐंशी. एक कमी आहे."

माझ्या मागची जागा रिकामी होती. बेचाळीस नव्हता. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. साहेबानं पेन काढलं.

"थांबा, साहेब," भागूबाई म्हणाली. "कडूबा, चल माझ्यासंगं. एकटीला उचलायचं नाय ते."

दोघं बेचाळीसला घेऊन आले. साबणानं त्याची पाठ पांढरी झाली होती. आकडा अजून ओला होता.

नानासाहेबांनी संधी सोडली नाही. "काय मावशी! पूर तुझ्या न्हाणीतबी आला व्हता का?"

"व्हय," ती म्हणाली. "आला व्हता. पाणी तसंबी माझ्या वळणाला येत नव्हतं. म्हणलं, सगळ्यांनी नेले, मी एक नेला तर काय बिघडलं. सहा वर्षं त्यावर बसून आंघोळ केली, नाना. अन् सहा वर्षं तुलाच शिव्या घातल्या."

यावर कुणी हसलं नाही. साहेबानं ऐंशी लिहिलं.

दिवाळीआधी कडूबानं मला दगडावर घालून घणानं सरळ केलं. पूर्ण सरळ मी झालो नाही. उजव्या कोपऱ्यातून अजून करंगळीएवढी धार गळते. भागूबाई माती तुडवायला उतरली, आधी मला लाथ मारली, मग बेचाळीसला दोन मारल्या. नवव्या दिवशी पाणी वळणावर पोचलं. दोडक्याचा वेल कापून पाइप मोकळे करावे लागले. संध्याकाळी तिनं मुलाला फोन लावला. "मी नाय येत तिकडं. तूच ये, हरभरा खायला."

मित्रांनो, मी दरवाजा आहे, मला उपदेश जमत नाही. सरकार लोखंड देईल, रबर देईल, पाइप देईल. 'पाणी अडवा' असं भिंतीवर लिहून जाईल. भिंतीवरच्या अक्षरांनी आजवर एक तांब्या अडलेला नाही. नानासाहेबांसारख्यांवर संतापा, जरूर संतापा, मीही दहा वर्षं त्यांच्या ट्रॅक्टरखाली संतापत होतो. पण त्याआधी एक काम करा. तुमच्या गटारीवर, न्हाणीत, शेळ्यांच्या कुडाला एखादं लोखंड पालथं पडलं असेल.

ते उलटून बघा. आकडा असेल.