लाँड्रीवाली रानात

जंगलाचं फाटक मागे पडलं तरी लाँड्रीवालीच्या कानात मशीन फिरतच होतं. वर्षानुवर्षं दुकानात काढल्यावर ती घरघर तिच्या कानात मुक्कामालाच आली होती, झोपेतसुद्धा सोबत करायची. समोर नवऱ्याची पाठ, तिच्यावर डोक्याच्याही वर गेलेली सॅक, आणि पुढे आठवडेच्या आठवडे चाललं तरी न संपणारी रानवाट.

ही हौस नवऱ्याची. इस्त्री फिरवता फिरवता तो ही वाट मनातल्या मनात कितीदा चालला होता कोण जाणे. मुलगी सासरी गेली, गुडघे अजून शाबूत होते, तेव्हा त्याने विषय काढला. बायको हो म्हणाली, पण अटीवर. पहिल्या मुक्कामापर्यंतच डांबरी रस्ता वाटेच्या जवळपास होता. पुढे ना रस्ता, ना वस्ती. त्या मुक्कामावर ती ‘परत’ म्हणाली की परत, आणि तोंड वाकडं करायचं नाही. नवऱ्याने निमूट मान डोलावली. खरं सांगायचं तर ‘परत’ म्हणायचं हे तिने घरूनच ठरवून आणलं होतं. एक दिवस त्याची हौस पुरवायची आणि मुकाट्याने आपलं काउंटर गाठायचं, एवढा साधा बेत.

पण रानाने घोळ घातला. धुकं झाडांमध्ये ओल्या चादरींसारखं लोंबत होतं. त्यातून चालताना जागेपणी चालतोय की झोपेत, तेच तिला कळेना. जमीन मऊ, शेवाळाने झाकलेली. पाय टाकला की आवाज पोटात घेणारी. ती चालत राहिली. मध्येच कुठेतरी दचकून थांबली. कानात काहीच वाजत नव्हतं. बहिरी झाले की काय, म्हणून तिने कान चोळले. मग पानावरून थेंब पडल्याचं तिला ऐकू आलं.

“काय झालं गं?” नवऱ्याने वळून विचारलं.

“मशीन बंद पडलं.”

दुसऱ्या कुणी तिला वेड्यात काढलं असतं. तो म्हणाला, “माझं मघाशीच पडलं, ओढ्यापाशी.”

त्यानंतर तो प्रत्येक वळणावर मागे बघायला लागला. दुकानात त्याचं इस्त्रीचं टेबल भिंतीकडे आणि तिचं काउंटर रस्त्याकडे. दोघांनी एकमेकांकडे पाठ करून संसार केला होता, आणि बरा केला होता. आता या वयात हा माणूस मान वळवून वळवून बायकोकडे बघतोय, शोभतं का? असं म्हणत म्हणत ती पुढच्या वळणाची वाट बघत होती.

मुक्कामाला पोचेपर्यंत भुरभुर सुरू झाली. तंबू उभा राहिला, दोघं आत शिरली, आणि छतातून थेंब टपकला. मग दुसरा. मग मोजायची सोय राहिली नाही.

नवऱ्याचा चेहरा पडला. “फसवलं मेल्या दुकानदाराने! कोरा तंबू, आणि चाळणी निघाली.” मग आवाज उतरला. “उद्या परत जाऊ. अशाने तू आजारी पडशील.”

न मागता हवं ते पदरात पडलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पण तिला रडूच यायला लागलं, कारण तिला परत जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

“दुकानदाराला शिव्या देऊ नका,” ती म्हणाली. “मी धुतला तो.”

“काय धुतला?”

“तंबू. कोरं कापड आपल्या घरात न धुता वापरलंय का कधी? वास मारत होता. मोठ्या मशीनमध्ये टाकला.”

“गरम पाण्यात?”

“कडकडीत. पांढरे पापुद्रे निघाले. मला वाटलं, बघा, किती मळ होता!”

नवऱ्याने कपाळावर हात मारला. तो मळ नव्हता, पाणी अडवणारा थर होता. मग मात्र तो तिची नजर चुकवून सॅकच्या पट्ट्याशी चाळा करत बसला.

“मी इस्त्री केली त्याला,” तो हळूच म्हणाला. “सुरकुत्या होत्या.”

दोघं इतकी हसली की तंबूची एक काठी निसटली. हसू ओसरल्यावर त्याने विचारलं, “मग? परत?”

तिने सॅक पुढे ओढली. सॅकमधले कपडे लाँड्रीच्या सवयीने प्लास्टिकच्या लांब कव्हरांमध्ये घातले होते. ती एकेक काढून फाडायला आणि टोकाला टोक बांधायला लागली. छतावर टाकायला पुरेल एवढं झाल्यावर दोघं बाहेर आली आणि तिने एक बाजू त्याच्याकडे फेकली.

“ते टोक धरा. आणि उद्या मी पुढे चालणार. मागे वळून बघायची पाळी माझी.”

तो तिच्याकडेच बघत होता; त्याला बराच वेळ ते टोक सापडेना.