तीनपदरी खोक्याचा दर

तिमाहीचं पत्रक सकाळी अकराला निघायचं होतं आणि सासरे साडेनवापासून ऑफिसात येरझाऱ्या घालत होते. ऑफिस म्हणजे खोक्यांच्या कारखान्याच्या तोंडाशी काढलेली एक खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि नात झाल्यापासून कोपऱ्यात एक मोठा खोका, त्यात दुपटं, दुपट्यावर ठकी. दीड वर्षाच्या ठकीला घरच्या पाळण्यात कधी झोप लागली नाही. पुठ्ठ्याच्या वासात मात्र ती बिनघोर झोपायची.

त्या दिवशी ती जागी होती आणि सूनबाई तिला कुस्करलेलं केळं भरवत होती. एका हातात चमचा, एका हातात फोन. पत्रक निघालं तशी तिने एकेक ओळ मोठ्याने वाचायला घेतली, म्हणजे सासऱ्यांनाही ऐकू जाईल आणि पोरगीही तोंड उघडेल. साबण वर, काच खाली, सिमेंट वर, रंग जागच्या जागी. देशभरातल्या कारखान्यांनी गेल्या तीन महिन्यांत आपला माल आपल्या दारात काय भावाने विकला, आधीच्यापेक्षा तो किती चढला किंवा उतरला, याचं ते पत्रक. एका धंद्याला एक ओळ. ठकी दर ओळीला आ करत होती.

कागद गिरण्या, सहा पूर्णांक चार वर.

सासरे थांबले. "पुढे वाच."

मधल्या ओळी तिने गाळल्या. कागदी खोकी व वेष्टनं, शून्य पूर्णांक शून्य.

चमचा हवेत राहिला. ठकीने तो हाताने ओढून घेतला आणि केळं गालाला फासलं.

"सलग चौथ्यांदा," सासरे म्हणाले. मग जरा वेळाने, "कागद महाग, खोका तिथल्या तिथे. आता खोका काय वाऱ्याचा करायचा?"

त्यांच्या दहा खोक्यांतले नऊ बिस्किटवाल्यांकडे जायचे. पाच वर्षांपूर्वी बिस्किटवाल्यांनी करार केला तेव्हा सासऱ्यांनी कौतुकाने घरभर वाचून दाखवला होता. दरासाठी घासाघीस नाही, हांजी हांजी नाही. दर तिमाहीला सरकारी पत्रकात खोक्यांच्या ओळीत जेवढा बदल, तेवढाच आपल्या दरात. कोणी कोणाला फसवायचा प्रश्नच नाही. आता ते खरेदीसाहेबांना दोनदा भेटून आले होते. साहेबांनी चहा दिला, बिस्किटं दिली, आपल्याच खोक्यातली, आणि पत्रकावर बोट ठेवलं. माझ्या हातात असतं तर मी कधीच दिलं असतं, म्हणाले. सासऱ्यांचं म्हणणं, माणूस खोटं बोलत नव्हता, तीच तर पंचाईत होती.

पंचाईतीचं नाव मावशी. मावशी कोणाचीच मावशी नव्हती. सुनेचा नवरा शाळेत जात होता तेव्हापासून ती मागच्या शेडमध्ये कागदाच्या पन्हाळीला, म्हणजे मधल्या नागमोडी कागदाला, खळ लावून पदर चिकटवायची. तीनपदरी पुठ्ठा तिच्या हातून निघायचा, मग पुढे कापणं आणि पिना मारणं. हमरस्त्यावरचा मोठा कारखाना आता चिकटवलेला पुठ्ठा तयार द्यायला बसला होता, आणि तो कागद घाऊक घेत असल्याने, कागद चढल्यापासून त्याचा पुठ्ठा मावशीच्या पुठ्ठ्यापेक्षा स्वस्त पडत होता. खोक्याचा दर वाढला तर मावशीचं टेबल राहणार, नाही तर जाणार. सासऱ्यांनी तिला तीनदा सांगितलं होतं, या पत्रकाला वाढेल बघ. मावशीने प्रत्येक वेळी मान डोलवली होती, जणू त्यांनाच धीर देत होती.

दुपारी मावशी हात धुऊन ठकीला घ्यायला आली. हा तिचा रोजचा अर्धा तास. सासरे तेवढ्यात कागदाच्या रिळांमागे काहीतरी शोधायला गेले आणि मावशी परत गेल्याशिवाय त्यांना ते सापडलं नाही.

पंधरा दिवसांनी आकडेसाहेबांचा फॉर्म आला. आकडेसाहेब हे घरातलं नाव. पत्रक काढणाऱ्या कचेरीतला तो एक मृदू आवाजाचा माणूस होता, कोणी कधी पाहिला नव्हता. दर तिमाहीला तो काही निवडक कारखान्यांना फॉर्म पाठवायचा, त्यात हाही एक. तुमचा ठरलेला नमुना, तीनपदरी खोका, अमुक मापाचा, या तिमाहीत प्रत्यक्ष किती दराने विकलात? सून या घरात आली तेव्हा तिचं अक्षर बरं म्हणून हे काम तिच्या गळ्यात पडलं. आधी तिला बरं वाटायचं. नंतर ठकी झाली आणि मांडीवर पोर घेऊन भराभर भरायच्या कागदांतला तो एक झाला. सर्वांत सोपा, कारण एका चौकटीत खूण केली की सुटका. बदल नाही.

या खेपेलाही पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं.

गेल्या चार फॉर्मांवर तिनेच हे लिहिलं होतं. बदल नाही, कारण बिस्किटवाल्यांनी दर वाढवला नाही. बिस्किटवाल्यांनी वाढवला नाही, कारण पत्रकात शून्य. आणि पत्रकात शून्य, कारण... ती उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली. ठकी खोक्याच्या कडेला धरून उभी होती आणि आईला हाका मारत होती.

नवरा टेम्पो लावून आत आला तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, बिस्किटवाल्यांच्या गेटवर खोकीवाल्यांचे सहा टेम्पो रांगेत असतात. सगळ्यांचा करार हाच. त्यातल्या दोघांकडे तरी हा फॉर्म येतो.

"ते काय लिहितात?"

"तू काय लिहितेस? जे झालं ते. त्यांचंही तेच झालंय."

"म्हणजे आपण सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलोय."

"आणि बोलायचं कोणी ते ठरत नाहीये," नवरा म्हणाला, आणि ठकीला खांद्यावर टाकून हात धुवायला गेला.

तिने फॉर्म दोन दिवस ठेवला. आयुष्यात तिने परीक्षेत कधी कोणाच्या पेपरात डोकावलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मागच्या शेडमधून मावशीचा ठकीशी चाललेला संवाद ऐकू आला. मावशी ठकीला सांगत होती की हा कागद आई, हा कागद बाबा, आणि मधला हा वाकडातिकडा म्हणजे तू, तुझ्यामुळे दोघं धरून आहेत. सुनेने दराच्या चौकटीत सात टक्क्यांनी वाढवलेला आकडा लिहिला आणि विचार करायच्या आत फॉर्म पाठवून दिला.

चौथ्या दिवशी फोन आला.

"ताई, तुमचा खोका एकदम सात टक्के वर दिसतोय," आकडेसाहेब म्हणाले. "इतरांचं मी सांगू शकत नाही, पण आमच्याकडे त्यावर लाल खूण उठली आहे. या दराने विकल्याचं एखादं बिल आहे का? फोटो पाठवलात तरी चालेल."

तिने बिलांच्या फायलीकडे पाहिलं, जणू तिथून काही निघेल. "त्या दराने विकायला पाहिजे, साहेब. नाही तर परवडत नाही."

"पाहिजे तो दर नको, ताई. झाला तो द्या."

मग तिने त्यांना सगळं सांगितलं. करार, पत्रक, फॉर्म, आणि परत करार. सांगताना तिला वाटत होतं की तिकडून कोणीतरी म्हणेल, अरेच्चा, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. पलीकडे टाइप करणं थांबलं.

"तुम्ही सांगताय ते मला कळतंय," ते म्हणाले. "खरं तर बरोबर आहे. पण त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही."

"खाली शेरा लिहू?"

"लिहा ना. शेरे आम्ही वाचतो." मग ते प्रामाणिकपणे म्हणाले, "छापत नाही."

दुसऱ्या कोणाला आम्ही महाग खोका विकला तर, तिने विचारलं. चपलांच्या दुकानदाराने मागच्या महिन्यात पन्नास नेले होते, बऱ्या दराने. ते म्हणाले, नमुना बदलता येत नाही. तोच खोका, तेच गिऱ्हाईक, नाही तर दर बदलला की माल बदलला हे कळणार कसं? हेही बरोबरच होतं. तिला चीड यायला हवी होती, पण तो माणूस इतका नीट बोलत होता की चीड ठेवायला जागा सापडेना.

"मी जुनाच दर घालतो, ताई. लिहिताना चूक झाली असं समजू," आकडेसाहेब म्हणाले. "बाळ रडतंय का तुमचं?"

"हो."

"मग घ्या त्याला. ठेवतो."

तिने सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते रागावतील असं तिला वाटत होतं, निदान खोटं लिहिल्याबद्दल. त्यांनी फक्त विचारलं, लाल खूण आपल्या नावावर राहणार का? नाही म्हटल्यावर बरं म्हणाले. पुढच्या पत्रकाची वाट बघण्यात आता अर्थ नव्हता. त्यात काय येणार हे देशात सगळ्यांच्या आधी त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी त्यांनी हमरस्त्यावरच्या कारखान्याला फोन केला. सोमवारपासून तयार पुठ्ठा.

शनिवारी दुपारी ते सुनेला म्हणाले, "तू सांग तिला. मला जमायचं नाही." कारखान्यात इतकी वर्षं ज्याने चढ्या आवाजात काम करून घेतलं, तो माणूस टेबलाच्या कडेचा सुटलेला पट्टा नखाने परत दाबून बसवत होता.

ती मागे गेली. मावशीने ठकीला रिकाम्या रिळावर बसवलं होतं. सुनेने सुरुवात केली आणि मधूनच लक्षात आलं की ती पत्रकापासून सांगते आहे, कागद गिरण्यांपासून, कराराच्या कलमापासून, म्हणजे मुद्द्याला जितकं उशिरा पोचता येईल तितकं. मावशीने मध्ये तोडलं नाही. हात मात्र थांबवले.

"फॉर्म तूच लिहितेस ना?"

"मीच. एकदा वाढवून पण लिहिलं, मावशी. चाललं नाही."

"आणि तो कचेरीतला?"

"चांगला आहे."

"बिस्किटवाला?"

"तोही कागदाला बांधलेला आहे."

"शेठजींचं तर मी बघतेच आहे. तीन आठवडे मला बघून रिळांत लपतायत." मावशीने ठकीच्या नाकाला लागलेली खळ पदराने पुसली. "म्हणजे कोणीच काही वाईट केलेलं नाही."

"नाही."

"मग मी भांडू कोणाशी गं?"

सुनेने सासऱ्यांनी दिलेलं पाकीट पुढे केलं. मावशीने ते न उघडता कमरेला खोचलं. पुढच्या महिन्याचं काय, हे तिने विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून सुनेला सांगताही आलं नाही की आपल्या धाकट्या जावेच्या ओळखीत एका ठिकाणी मावशीसाठी काम विचारलंय, तिथूनही काही कळलेलं नाही.

टेबलावर खळीचं अर्धं भांडं उरलं होतं. सोमवारपर्यंत ते आंबून गेलं असतं. मावशीने नवा कागद ओढला, ब्रश बुडवला आणि पन्हाळीवरून फिरवायला लागली. या पुठ्ठ्याची मागणी नव्हती. सुनेने ठकीला काखेत घेतलं, दुसऱ्या हाताने कागदाचं टोक धरलं, आणि मावशी म्हणेल तिथे दाबत राहिली. पुढच्या खोलीतून सासऱ्यांनी एकदा हाक मारल्यासारखं केलं, मग मारली नाही. भांडं खरवडून होईपर्यंत अकरा पुठ्ठे झाले. बारावा अर्ध्यावर कोरडा राहिला.