बाहीवरचा डाग

सकाळचे ऊन आमच्या खोलीत घाई न करता येते. आधी खिडकीच्या गजांवर थबकते, मग टेबलावरच्या कपाच्या कडेवर, मग भिंतीवर. आणि अखेरीस खुर्चीत बसलेल्या बाबांच्या चेहऱ्यावर. त्या वेळी सारेच पिवळे होते: भिंत, कप, बाबांची बोटे, त्यांचे डोळे. गेला महिनाभर त्या उन्हाखेरीज दुसऱ्या उजेडात मी त्यांच्याकडे नीट पाहिलेच नव्हते.

बाबा माझ्या कोटाची बाही पुसत होते. त्यांचे ड्राय-क्लीनिंगचे दुकान बंद होऊन पुष्कळ वर्षे लोटली. डाग काढायच्या कार्बन टेट्राक्लोराइडचा शेवटचा डबा मात्र त्यांनी जपून ठेवला होता. त्याच्या गोडसर वासातच मी लहानाचा मोठा झालो. आताशा डाग असो वा नसो, रोज सकाळी ते माझी बाही पुसत. दिवसाकाठी तेवढेच काम त्यांना उरले होते.

टेकडीवरच्या केंद्रात हवेचे नमुने घेणे हे माझे काम. वाऱ्याकडे तोंड करायचे, श्वास रोखायचा, हात लांब करून कुपी उघडायची. काल साहेबांनी बोलावून सांगितले, की माझ्या पाळीच्या नमुन्यांत नेमकी कार्बन टेट्राक्लोराइडची वाफ भलतीच जास्त सापडते, जोडीदाराच्या पाळीत तशी नाही. वारा तुमच्यावरच रुसलाय का, असे त्यांनी हसत विचारले. मी बाहीकडे पाहिले.

"बाबा, उद्यापासून कोट नका पुसू."

"का रे? डाग राहिला का कुठे?"

मग सांगावेच लागले. नमुने वाया गेल्याचे ऐकून त्यांचा हात थांबला.

"पण हे तर उडून जातं. दुकानात किती डबे उडवले मी. उरतं कुठे?"

"वर राहतं, बाबा. वर्षानुवर्षं. ओझोनचा थर खातं."

त्यांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिले.

"म्हणजे माझं तेवढंच टिकलं म्हणायचं," ते हळूच हसले. मग डबा माझ्याकडे सरकवला. "झाकण तूच लाव. हल्ली बोटांत जोर नाही."

यकृताला अपाय होतो, असे डब्यावर बारीक अक्षरांत छापले होते. ती ओळ मला पाठ होती. मी झाकण घट्ट लावले आणि वर पाहिले.

तेवढ्यात उन्हावर ढग आला. भिंत पांढरी झाली, कप पांढरा झाला. बाबांचे डोळे पिवळेच राहिले.